जावयाविरुद्ध एक मत

पुकेकोहे,
सोमवार, लेबर डेची सुट्टी

श्री. काशिनाथराव यांस,

गुरुनाथ हर्डीकर याचा मनापासून नमस्कार. विनंती विशेष आहेच, पण ती शेवटी येईल. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला मागणी पहिल्याच परिच्छेदात टाकता येत नाही. सौ. शांतावहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. माझाही वाजतो, पण इथली घरं लाकडी, त्यामुळे गुडघा वाजला की पायरी हे नक्की कळत नाही आणि मनाला बरं वाटतं. तुमचं बीपी, सकाळची फेरी, कृष्णाकाठची मंडळी सगळं जागच्या जागी असावं. इकडे विनया बरी आहे. जुई बरी आहे (सात वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि मी रागावलो की ‘स्वीट ॲज, आजोबा’, म्हणजे ‘बरं बरं, आजोबा’, म्हणून निघून जाते). आणि नितीशराव... तर हे पत्र नितीशरावांविषयीच आहे. घाबरू नका, प्रकृती उत्तम आहे.

तुम्ही डिसेंबरची तिकिटं काढलीत. आमचा मुलगा नितीश तिथल्या संघाचा क्वार्टरबॅक आहे, त्याचा खेळ बघायला आम्ही समुद्र ओलांडून चाललो, असं तुम्ही निम्म्या कराडला सांगितलंत, आणि उरलेल्या निम्म्या कराडला वहिनींनी सांगितलं. हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणूनच हात जड झालाय. काशिनाथराव, नितीशराव आता क्वार्टरबॅक नाहीत. त्यांच्या जागी दुसरं माणूस आलं. आणि ज्या मतामुळे ते आलं ते मत मी दिलं. मी, त्यांचा सासरा, जो दोन वर्षं त्यांच्याच घरात राहतो, त्यांच्याच गॅरेजमधल्या दिवाणावर दुपारी लोळतो आणि त्यांनीच आणून दिलेल्या जँडल्स (इथल्या रबरी चपला) पायात घालून हिंडतो. आमच्या आजोबांच्या काळी मुलीचे बाप जावयाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मी तर जेवतो, झोपतो, आणि वर त्याच्याविरुद्ध मत देतो. आता या घरात मी राहावं की पुण्याला परत जावं, हा प्रश्न गेले दोन आठवडे माझ्या उशाशी बसून आहे. तुम्हाला आधी सगळी हकीकत सांगतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

खेळ आधी समजून घ्या, कारण मलाही तो समजायला आठ महिने लागले. याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात. नाव फुटबॉल, पण पाय फक्त पळायला. चेंडू नारळासारखा लांबट, आणि तो हाताने फेकायचा. ढकलाढकल अजिबात नाही. कमरेला दोन फडकी लोंबत असतात, त्यातलं एक कुणी खेचून घेतलं की तुमचा खेळ तिथल्या तिथे संपला. बायका-पुरुष एकत्र खेळतात. (सगळा देश रग्बीसाठी वेडा, आणि आमच्या लोकांनी उचलला तो अमेरिकेचा खेळ. नितीशरावांना तो कॉलेजात असताना खोलीतल्या मित्राने लावला म्हणे. संगतीचा परिणाम.) आता क्वार्टरबॅक म्हणजे पंगतीतला वाढप्यांचा म्होरक्या. सगळ्यांची पानं त्याला दिसली पाहिजेत, कुठे कमी, कुठे मोकळं, आणि जिलबी नेमक्या पानावर पडली पाहिजे. फरक इतकाच, की इथे जिलबी वाढायच्या आत एक दांडगा माणूस त्याच्या कमरेचं फडकं ओढायला धावत येत असतो.

आमच्या संघाचं नाव हार्वेस्टर्स. मैदान गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी कांद्याची शेतं, आणि माती अशी तांबडी की महाबळेश्वरच्या वाटेवर गाडी थांबवून चहा प्यायला उतरलोय असं वाटतं. मी घडीची खुर्ची घेऊन कडेला बसतो. खरं सांगू? मी खेळ बघतो असं लोकांना वाटतं. मी ढग बघतो. इथले ढग फार खाली येतात, टेकडीला टेकतात, जरा थांबतात, आणि काही न बोलता पुढे जातात. ओल्या कांद्याच्या पातीचा वास येतो, थर्मासमधल्या चहाची वाफ चष्म्यावर बसते, आणि माझी अशी काही तंद्री लागते की मध्येच टाळ्या वाजल्या की मीही वाजवतो, आणि मग कळतं की गुण पलीकडच्यांना मिळालाय. कमल गेल्यापासून (तुम्हाला माहीतच आहे, तीन वर्षं झाली) मला कुठेही निवांत वाटत नव्हतं. त्या खुर्चीत वाटतं. रविवार सकाळ, गुडघ्यावर घोंगडी, आणि समोर आपला जावई हात वर करून सगळ्यांना जागा दाखवतोय. मला आणखी काही नको होतं हो.

ऑगस्टात सलोनी आली. सलोनी तायडे, मूळची बुलढाण्याची, इथल्या हॉस्पिटलात नर्स, वय चोवीस. कॉलेजात भालाफेक करायची. पहिल्या दिवशी तिने चेंडू उचलला, जरासा मागे झुकून फेकला, आणि काशिनाथराव, मी चहा सांडला. चेंडू गेला तो गेलाच. स्वतःभोवती फिरत, जराही न डगमगता, त्या खाली आलेल्या ढगाच्या पोटाखालून गेला, आणि तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्या तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. गुडघा नाही, पेन्शन नाही, कमलची रिकामी कॉटही नाही. मग तो खाली आला आणि पार पलीकडच्या कांद्यात पडला, कारण तिथे पकडायला कुणीच पोचलं नव्हतं. आपले नितीशराव कसे फेकतात हे तुम्हाला व्हिडिओवर दिसलंच आहे. जवळ, नीट, जपून, काचेची भांडी हातातून हातात द्यावीत तसं. त्यात चूक काही नाही. पण चहा सांडत नाही.

इथून वादाला तोंड फुटलं. (तोपर्यंत कडेला बसणारे आम्ही दहाबारा जण गुण्यागोविंदाने बिस्किटं वाटून खात होतो.) संग्राम म्हणून एक मुलगा आहे, कोल्हापूरचा, संगणकात काम करतो, तो लॅपटॉप मांडीवर घेऊनच बसतो. त्याने सिद्ध केलं की नितीशच्या शंभरातल्या चौसष्ट फेकी हातात पडतात आणि सलोनीच्या एकेचाळीस, सबब बदल नको. त्याच्याविरुद्ध उभे राहिले सुरेशभाई. यांचे पणजोबा नवसारीहून इथे बटाटे पिकवायला आले, त्यामुळे भाईंचं गुजराती माझ्या इंग्रजीइतकंच आहे. त्यांचं म्हणणं एकच. एका वावरात तीन वर्षं सलग कांदा लावला की माती रुसते, चौथ्या वर्षी पीक बदलायलाच हवं. संग्राम म्हणाला माणूस म्हणजे वावर नव्हे. भाई म्हणाले तुझ्या लॅपटॉपला माती लागलेली मी कधी पाहिली नाही. झालं! पुढच्या रविवारी ही मंडळी दोन टोकांना खुर्च्या टाकून बसली, आणि बिस्किटं दोन वेगळ्या डब्यांतून यायला लागली. आमची विनया अर्थातच नवऱ्याच्या बाजूच्या डब्यापाशी. मी मधोमध. दोन्हीकडची बिस्किटं मला मिळायची, पण घशाखाली उतरायची नाहीत.

प्रशिक्षक आहेत मेलेबाई, टोंगन (इथून जवळच्या बेटांवरच्या), मनुरेवाच्या शाळेत कवायत शिकवतात. ‘किया ओरा’ (इथला नमस्कार) म्हणाल्या की चिमण्या उडतात असा आवाज. त्यांनाही दोघांतलं एक निवडवेना, आणि कडेचा आरडाओरडा ऐकून त्या कावल्या होत्या. एका रविवारी सराव संपल्यावर त्या म्हणाल्या, तुम्हीच काय ते ठरवा, तुम्ही म्हणाल त्याला मी सुरुवातीला उतरवते. त्या बिचाऱ्या थट्टेत म्हणाल्या असतील. पण काशिनाथराव, मराठी माणसाला ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं म्हणजे सभा बोलवा म्हणणं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत आम्ही मैदानालगतच्या खोलीत जमलो, अध्यक्ष झाले (सुरेशभाई, वयाने वडील म्हणून), चिटणीस झाला (मी, दुसऱ्या कुणाकडे पेन नव्हतं म्हणून), सूचक-अनुमोदक झाले, आणि संग्रामने हरकतीचा मुद्दा मांडला, जेव्हा हरकत घ्यायला अजून काही घडलेलंच नव्हतं. टोंगन आणि गोरे खेळाडू लॅमिंग्टन केक खात कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं हा धार्मिक विधी आहे.

मतदान गुप्त घ्यावं ही सूचना माझीच. घरचा मामला, उगाच तोंडं दिसायला नकोत. हजर सतरा जणांनी मत द्यायचं, दोन्ही उमेदवारांसकट (आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभा राहिलेला माणूस स्वतःही मत देतोच, असा निर्णय मी चिटणीस या नात्याने दिला). वहीचं पान फाडून सतरा सारखे तुकडे केले. मनाशी पक्कं केलं होतं, नितीश लिहायचं. ज्याच्या घरचं मीठ खातो त्याचंच नाव. तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. वहिनींचा आणला. पेन टेकवलं. आणि खिडकीबाहेर नजर गेली, तर एक ढग टेकडीवरून उतरत होता, सावकाश, काही घाई नसल्यासारखा, आणि त्याच्या पोटाखाली मला तो चेंडू दिसला. नव्हता तिथे काही. पण दिसला. किती वेळ बघत होतो देव जाणे. भाईंनी टोपी पुढे केली तेव्हा भानावर आलो आणि चिठ्ठी दुमडून टाकली.

चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून उचलाव्यात ही आपली रीत, म्हणून जुईला खुर्चीवर उभं केलं. एकेक उघडून ती ठणठणीत वाचत होती. नितीश, सलोनी, सलोनी, नितीश. आठ-आठ झालं. टोपीत एकच उरली. तिने उघडली, उलटी केली, सुलटी केली, पण तिला वाचता येईना. सगळ्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ही एक मराठीत होती. मग तिचा चेहरा फुलला. अहो, रोज शाळेतून ती वाचनवही आणते, आणि आज वीस मिनिटं वाचलं म्हणून तिच्यावर रोज माझी सही लागते. तिने चिठ्ठी उंच धरली आणि ओरडली, “दिस इज आजोबाज! ही साइन्ड इट!” होय काशिनाथराव. चौतीस वर्षांत एक कागद माझ्या हातून सहीशिवाय पुढे सरकला नाही. माणूस तंद्रीत असला तरी हात कामावर हजर असतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सलोनी तायडे’, त्याखाली माझी पूर्ण सही, सहीखाली दिनांक, आणि त्याखाली दोन रेघा. शिक्का जवळ नव्हता म्हणून, नाहीतर तोही मारला असता.

विनयाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या दहावीच्या निकालानंतर तिच्याकडे बघितलं होतं. नितीशराव पुढे झाले, सलोनीशी हस्तांदोलन केलं, मेलेबाईंना ‘ऑल गुड’ म्हणाले आणि माझी खुर्ची घडी करून गाडीत ठेवली. नेहमीसारखीच. तेच मला जास्त लागलं. आरडाओरडा केला असता तर मीही दोन शब्द बोललो असतो. वाटेत फक्त कांदे. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, बाबा, चहा घेणार? मी नको म्हणालो, आणि चार वाजता चोरासारखा स्वतः करून प्यालो. त्यात साखरेऐवजी मीठ पडलं, तोही प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून बॅग काढली. म्हटलं, कुणी सांगायच्या आत आपणच निघालेलं बरं. बॅगेची चेन अडकली होती. ओढून ओढून दमलो आणि तशीच ठेवून झोपलो. संध्याकाळी बघतो तर नितीशरावांनी चेनीला मेण लावून ती अशी मऊ केलेली, की बोट लावताच सर्रकन उघडली. मी तिथेच दिवाणावर बसलो. एवढी घाई? माणूस निघायचं मनात आणतो न आणतो, तोच चेन तयार! रडू आलं, खोटं कशाला सांगू? जुई आली, म्हणाली, आर यू सॅड? मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. तिने गॅरेज बघितलं आणि म्हणाली, येह, हीप्स, म्हणजे ढीगभर आहे.

काल सलोनीचा पहिला सामना होता. मी जाणार नव्हतो, पण माझी खुर्ची आधीच गाडीत होती. नितीशराव आता पळून चेंडू पकडणाऱ्यांत होते. सलोनी घाबरली होती. पहिली फेक जमिनीत, दुसरी पंचाच्या पाठीत, तिसरी संग्रामच्या लॅपटॉपच्या दिशेने. तेवढ्यात नितीशराव तिच्यापाशी गेले, काहीतरी म्हणाले, तिच्या हातात चेंडू नीट बसवून दिला, आणि परत येऊन पळायला लागले. सरळ, मागे न बघता, कांद्याच्या दिशेने. मला वाटलं, आता हे घरीच निघाले. आणि चेंडू सुटला. मी उभा राहिलो, घोंगडी खाली पडली. ढग होता, वारा पडला होता, आणि तो चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून इतका निवांत चालला होता, की असं वाटलं, जेवणं उरकून घेऊ या, तो काही इतक्यात येत नाही. खाली तुमचा मुलगा हात पसरून पळत होता. आला. बरोबर हातांत आला. आणि काशिनाथराव, पुढे दहा पावलांवर गुणाची रेघ, एकही माणूस आडवा नाही, नुसतं पळायचं. तर तो थांबला! चेंडू दोन्ही हातांत धरून नुसता त्याच्याकडे बघत राहिला. लोक ओरडतायत, मेलेबाईंच्या आवाजाने शेतातले पक्षी उठले, विनया बूट काढून नाचतेय, आणि हा आपला बघतोय. मागून एक बाई आली आणि तिने शांतपणे त्याचं फडकं काढून नेलं. सामना आम्ही त्याच एका गुणासाठी हरलो.

संपल्यावर ते येऊन माझ्या खुर्चीशेजारी गवतावर बसले. बराच वेळ आम्ही दोघंही टेकडीकडे बघत होतो. मग त्यांनी विचारलं, बाबा, लांबून कसा दिसला? मी म्हटलं, अहो, पळायचं सोडून काय बघत बसलात? तर म्हणाले, तुम्ही गेले दोन महिने काय बघताय ते बघत होतो. आणि मग म्हणाले, बॅग आत ठेवा, चेन डिसेंबरासाठी केलीय, आईबाबा आले की सगळे मिळून साउथ आयलंडला जाऊ. मी मोठा माणूस, सासरा, चारचौघांत. घोंगडीने तोंड पुसलं. चहात मीठ नव्हतं काल.

तर असं आहे. इथे मी राहतोय. जुईचे नमस्कार (तिने ‘हाय’ सांगितलंय, मी त्याचे नमस्कार केले). वहिनींना गुडघा जपायला सांगा.

तुमचा,
गुरुनाथ मा. हर्डीकर
दि. २७ ऑक्टोबर

ता. क. : डिसेंबरात इथे उन्हाळा असतो असं सगळे सांगतील. विश्वास ठेवू नका. स्वेटर आणा.

ता. क. दुसरा : आता ती विनंती. नितीशरावांनी तुम्हाला अजून काही सांगितलेलं नाही. दर शनिवारी फोनवर ते ‘सराव मस्त चाललाय’ म्हणतात आणि मी शेजारी बसून शेंगा सोलतो. तुम्ही गावभर सांगितलंय म्हणून त्यांची जीभ रेटत नाही. तुम्हाला वाईट वाटेल, ही एकच धास्ती आहे त्यांना. तिकिटं रद्द करू नका, आणि हे पत्र मिळाल्याचंही बोलू नका. नुसता फोन करा आणि विचारा, झेल कसा होता. बाकी ते स्वतःच सांगतील.

ता. क. तिसरा : वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. घरातली तिघं समुद्रावर गेली आहेत, म्हणून सभेच्या इतिवृत्ताला त्या सतरा चिठ्ठ्या जोडत बसलो होतो (मतपत्रिका जपून ठेवाव्या लागतात). कारकुनाला अक्षर कळतं, त्याला इलाज नाही. सलोनीच्या नऊ चिठ्ठ्यांतली एक माझी. आणि दुसऱ्या एकीवरचा इंग्रजी ‘एस’ अगदी आठाच्या आकड्यासारखा, वरचं तोंड जरा उघडं राहिलेला. आमच्या फ्रिजवर दर आठवड्याला साबणाची आणि साखरेची यादी लागते, तिच्यावर हाच ‘एस’ असतो. ती यादी नितीशराव लिहितात. स्वतःचं नाव लिहिलं असतं तर नऊ-आठने तेच निवडून आले असते, माझी सही विरुद्ध असूनही. दोन आठवडे सगळं माझ्या अंगावर येऊ दिलं, आणि वर चेनीला मेण लावलं. त्यांनी विनयाला सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, म्हणजे गुप्ततेचा भंग झाला, तेव्हा चिटणीसपदाचा राजीनामा उद्या मेलेबाईंना देतो, कारण ‘वैयक्तिक’. हे पान फाडून टाका. आणि इथे आलात की त्यांच्याकडे बघताना आपल्याला हे ठाऊक आहे असं चेहऱ्यावर दिसू देऊ नका. मला ते जमत नाहीये.